आधी बॅटरी, मग बटण, मग हात

१

शुक्रवारी दुपारी सरांनी लॅपटॉप उघडला, तेव्हा त्यातली बावीस वर्षं नाहीशी झालेली होती.

बावीस वर्षं म्हणजे कारागिरांच्या शब्दांचा कोश. सुतार, शिंपी, गवंडी, कुंभार ज्या ज्या हत्याराला, टाक्याला आणि सांध्याला जे जे म्हणतात, ते सगळं सरांनी दारोदार फिरून गोळा केलं होतं. सोमवारी तो छापखान्यात जायचा होता. छापखान्याशी शेवटचं बोलणं करायला सर दोन दिवस परगावी गेले होते, ते नुकतेच आले होते. हातपाय धुऊन त्यांनी लॅपटॉप चालू केला, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली. डिस्क सापडत नाही.

सुट्टीला आलेले जावई लगेच पेचकस घेऊन पुढे सरसावले. खालचं झाकण उघडलं. डिस्कच्या जागी चौकोनी खळगा होता, रिकामा.

"दुकानातच काढली," जावई म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला. "बुधवारी पंखा साफ करायला दिला होता ना? हे लोक असंच करतात."

सरांनी दुरुस्तीच्या दुकानात फोन लावला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुमच्याकडे पाठवला तेव्हा माझं सगळं काम त्यात होतं. आता नाही. दुसरी प्रत काढायची राहूनच गेली. शब्द लिहिलेली कार्डं माळ्यावर होती, ती वाळवीने खाल्ली."

पलीकडे दुकान चालवणाऱ्या ताईने फोन कानाला धरूनच काचेतून आत पाहिलं. आतल्या टेबलाशी तिचा भाऊ कुणाच्या तरी लॅपटॉपचं पोट उघडून बसला होता.

२

भावाला सगळे धाकटाच म्हणत. चव्वेचाळिशी गाठली तरी धाकटाच. हात मात्र थोरला होता. टेबलाशेजारच्या लोखंडी नळाला तळवा लावून अंगातली वीज उतरवल्याशिवाय तो कुठल्याही भागाला शिवत नसे. कागदावर लॅपटॉपची आकृती काढायची आणि निघालेला प्रत्येक स्क्रू आकृतीत त्याच्या त्याच्या जागी ठेवायचा, ही त्याची पद्धत. शिवाय तोंडाने सारखी पुटपुट चाले. "आधी बॅटरी, मग बटण, मग हात." म्हणजे आधी बॅटरीची तार सोडवायची, मग चालू करायचं बटण दहा आकडे मोजेपर्यंत दाबून उरलीसुरली वीज काढून टाकायची, आणि मगच आत हात घालायचा. बसवताना उलट, बॅटरी शेवटी. गिऱ्हाइकांना ते पाठ झालं होतं.

पण तीन वर्षांपूर्वी याच धाकट्याने एका गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपमधला चांगला भाग काढून विकला होता आणि त्या जागी जुनाट बसवला होता. ताईने तेव्हा गिऱ्हाइकाचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले होते. धाकट्याला तिने घराबाहेर काढलं नाही, दुकानाबाहेरही नाही. "पुन्हा असं झालं तर मात्र तू तुझ्या वाटेने, मी माझ्या," एवढंच ती म्हणाली होती. शब्दाला पक्की बाई. आज तो शब्द तिच्याच गळ्याशी आला होता.

"सरांचा लॅपटॉप बुधवारी तूच बघितलास?" तिने विचारलं.

"मीच. तू दाढ काढायला गेली होतीस ना. काकू घेऊन आल्या होत्या, सरांच्या घरच्या. इथेच समोर बसल्या होत्या, बटणं लावत."

"डिस्क काढलीस?"

"काढावी लागली. पंख्याची तार तिच्याखालून जाते. वीज रोखणाऱ्या चमकत्या पिशवीत ठेवली, पंखा साफ केला, परत बसवली. काकूंनी प्रश्न विचारून माझा भुगा केला. हे आधी का, ते नंतर का. जाताना तसली एक पिशवी मागून घेतली, सुया गंजू नयेत म्हणे. दिली."

"चालू करून दाखवलास?"

"दाखवला की. पडद्यावर सरांचं नाव आलं, काकूंनी बघितलं. आणि हो, त्याच्या घड्याळाचा छोटा सेल मेलाय. बॅटरीची तार सोडवली की घड्याळ एक जानेवारी, रात्री बारा, असं होतं आणि तार जोडली की तिथून पुढे चालायला लागतं. मी हाताने वेळ लावून दिली. सेल मागवलाय. का गं?"

ताईने सांगितलं. धाकट्याच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

"खूण लावली होती?" तिने विचारलं.

दुकानाची खूण म्हणजे निळ्या नेलपॉलिशचा ठिपका. शेवटचा स्क्रू बसला की अर्धा स्क्रूवर आणि अर्धा झाकणावर येईल असा लावायचा. नंतर कोणी झाकण उघडलं, तर ठिपका फुटतो आणि चोरी उघडी पडते.

"बाटली तुझ्या खणात," धाकटा म्हणाला. "किल्ली तुझ्याकडे. तू तोंडात कापूस धरून दवाखान्यात. मी काय लावणार, कपाळ?"

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. ताईने तीन वर्षं ती बाटली कुलपात ठेवली होती, आणि आज भावाच्या बाजूने बोलेल असा एक ठिपका तिच्याकडे नव्हता.

"काकूंना विचार," तो म्हणाला. "त्यांनी बघितलंय."

"काकूंना काय कळतंय? पडदा उजळला की त्या हो म्हणणार."

धाकट्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "ताई, तू विचारतेयस की चौकशी करतेयस?"

"विचारतेय," ती म्हणाली.

मग तिने त्याला कुरिअर आणायला पाठवलं आणि त्याचा खण उघडला. पेचकस, दांडी मोडलेला चष्मा, बिजागऱ्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं. डिस्क नव्हती. नव्हती म्हणून तिला हायसं वाटलं आणि शोधली म्हणून लाज वाटली, दोन्ही एकदमच. खण बंद करून ती सरांच्या घरी निघाली.

३

सरांच्या टेबलावर लॅपटॉप पालथा पडला होता. एका बशीत दहा स्क्रूंचा ढीग होता, शेंगदाणे ठेवावेत तसा. ताईला ते बघवलं नाही. या लॅपटॉपचे पुढच्या कडेचे दोन स्क्रू आखूड असतात. त्या जागी लांब स्क्रू पिळला तर तो थेट आतल्या पट्टीत घुसतो आणि सगळ्या यंत्राचं वाटोळं करतो.

"झाकण कुणी काढलं?"

"मी," जावई म्हणाले. "मला यातलं सगळं कळतं."

"बॅटरी सोडवली होती?"

"बॅटरी कशाला? दोन मिनिटांचं तर काम."

बॅटरीची तार खरंच जागच्या जागी होती. ताईने तिला हात लावला नाही. लॅपटॉप अलगद कडेवर उभा करून तिने तो चालू केला. तीच काळी ओळ आली. तिने एक बटण दाबून यंत्राच्या आतल्या नोंदींचा पडदा काढला.

"बघा बघा," जावई मागून ओरडले. "घड्याळही बिघडवून ठेवलंय! दोन जानेवारी, पहाटे पाच वाजून दहा मिनिटं. आहे का काही ताळतंत्र?"

ताईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. ती खुर्चीत जरा मागे टेकली आणि पुन्हा पडद्याकडे, पुन्हा भिंतीकडे पाहू लागली. जावयांना वाटलं, बाई गडबडल्या.

"डिस्क तुमच्या भावाने काढली," सर म्हणाले. "त्याचं पूर्वीचं मी ऐकलंय. मला पोलिसांत जायचं नाही. मला फक्त माझे शब्द परत हवेत."

"अहो, मी सांगितलं ना," दारातून आवाज आला. काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. बारीक, ताठ, गळ्यात शिंप्याची टेप. "दुकानात लॅपटॉप चालू झाला होता. पडद्यावर तुमचं नाव मी वाचलं. त्या भल्या माणसावर का आळ घेताय?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" सर म्हणाले. वाईट बोलत नव्हते. पाऊस पडतोय म्हणावं तसं म्हणाले.

काकू पुढे आल्या. ट्रे ठेवायला जागा हवी होती. त्यांनी ट्रे स्टुलावर टेकवला, खिडकीच्या लोखंडी गजावर क्षणभर तळवा दाबला आणि मग लॅपटॉप दोन्ही कडांनी उचलून बाजूला सरकवला.

ताईने चहाचा पहिला घोट घेतला आणि जावयांकडे वळली. "तुम्ही कधी आलात?"

"काल संध्याकाळी सातला. रविवारपर्यंत आहोत. बाबांचा लॅपटॉप पार म्हातारा झालाय. रविवारी सगळं पुसून नवंकोरं टाकून देणार होतो, सोमवारच्या आत. सरप्राईज नाही हां, बाबांना विचारलं होतं."

"एवढ्या हौसेने करतात," सर म्हणाले. "नाही कसं म्हणायचं?"

"पुसण्याआधी कोश कुठे उतरवून ठेवणार होता?"

"ते होतं आपोआप," जावई म्हणाले.

"माझ्या फोनच्या वेळीही आपोआपच होणार होतं," कोपऱ्यातून त्यांची बायको, म्हणजे सरांची लेक, म्हणाली. "मुलीच्या पहिल्या वर्षाचे सगळे फोटो गेले."

"फोटो काय, पुन्हा काढता येतात."

"मुलगी चार वर्षांची झालीय!"

अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे तर फोनही रिकामा झाला होता.

४

पुढच्या खोलीत सरांची टायपिस्ट बसली होती. सकाळी नऊ ते एक अशी तिची वेळ, पण आज घरातला गोंधळ बघून ती थांबली होती. बोटात बोटं अडकवून बसली होती बिचारी.

"कोश छापायला गेला की तुमचं काम संपणार?" ताईने विचारलं.

"संपणारच," ती म्हणाली. "आणि तो हरवला तर कामच काम. तेच विचारताय ना? पण सर अठ्ठ्याहत्तरचे आहेत हो. पुन्हा बावीस वर्षं कुठून आणायची?"

"काल तुम्ही इथेच होतात?"

"नऊपासून. चित्रांच्या याद्या करत होते. सर म्हणाले होते, मी येईपर्यंत लॅपटॉपला हात लावायचा नाही. मी नाहीच लावला. मला त्याची भीतीच वाटते, बंद करतानासुद्धा मी डोळे मिटते. काकू आत शिवत होत्या. साडेदहा-पावणेअकराला त्यांचं मशीन थांबलं ते पार साडेअकरापर्यंत. मला चुकल्यासारखं झालं. त्या आवाजाची सवय झालीय ना."

ताई उठली आणि आत काकूंच्या खोलीत गेली. खिडकीशी शिवणयंत्र, भिंतीला लाकडी कपाट, टेबलावर कापडं बेतायचे कागद पसरलेले. त्यांतल्या एकावर टाचणीने टोचलेली दहा भोकं होती. वर चार, मध्ये चार, खाली दोन. खालच्या दोन्हींभोवती पेन्सिलीने गोल काढून शेजारी "आ" लिहिलं होतं.

"हे काय बेतलंय, काकू?"

"बाही," काकू म्हणाल्या. त्या मागोमाग आल्या होत्या.

"चौकोनी बाही?"

काकूंनी दार लोटून घेतलं.

५

"तुम्ही बसा, मी उभीच बरी," ताई म्हणाली. "चूक असेल तर मध्येच टोका. त्या लॅपटॉपच्या घड्याळाचा सेल मेलाय. बॅटरीची तार सोडवली की घड्याळ एक जानेवारीच्या रात्री बारावर जातं आणि तार जोडली की तिथून चालू लागतं. जावईबापूंना ते बिघडलेलं वाटलं. मला वाटतं, ते सांगत होतं. दोन जानेवारी, पहाटे पाच दहा. म्हणजे तार जोडून एकोणतीस तास दहा मिनिटं झाली. आज चार दहामधून तेवढे तास मागे जा."

काकूंच्या ओठांची हालचाल झाली. शिवणाऱ्या बाईचा हिशेब तोंडी असतो. "काल. अकरा वाजता."

"काल अकराला माझा भाऊ माझ्या समोर बसला होता. लॅपटॉप बुधवारपासून या घरात. सर परगावी. जावई संध्याकाळी सातला आले. आणि तसंही त्यांना बॅटरी सोडवायची असते हेच माहीत नाही. आज त्यांनी झाकण उघडलं तरी तार जोडलेलीच राहिली, म्हणून तर घड्याळ शाबूत राहिलं. ज्याने डिस्क काढली त्याने आधी बॅटरी सोडवली होती. शहाणं माणूस होतं ते. घरात दोघी होत्या. एक लॅपटॉप बंद करताना डोळे मिटते. दुसरी दीड तास माझ्या भावासमोर बसून हे आधी का, ते नंतर का विचारत होती."

काकू खाली बघत होत्या.

"लॅपटॉप सरकवण्याआधी तुम्ही गजाला हात लावलात. माझा भाऊ नळाला लावतो तसा. ही भोकं म्हणजे स्क्रूंच्या जागा आहेत, टाचणीऐवजी स्क्रू खोचून ठेवायला. आ म्हणजे आखूड. आणि चमकती पिशवी सुयांसाठी नव्हती."

"सुयांसाठीच मागितली होती," काकू म्हणाल्या. "खोटं नाही बोलले. लेकीचा फोन नंतर आला, बुधवारी रात्री. म्हणाली, हे म्हणतायत, बाबांचा लॅपटॉप पुसून नवा करून देतो. माझ्या तर पाचावर धारण बसली. सरांना परगावी फोन केला. म्हटलं, नको म्हणा हो. ते म्हणाले, तुला काय कळतंय त्यातलं." त्या थांबल्या. "आता जावयाला तोंडावर कसं सांगायचं, की बाबा रे, तुझ्या हाताला यश नाही? लेकीच्या संसारात बिब्बा कशाला घालायचा? म्हटलं, डिस्कच नसली तर पुसणार काय? रविवारी संध्याकाळी ते गेले की परत बसवणार होते. तुमच्या भावाने दाखवलं तसं सगळं केलं हो. दहा आकडे मोजून बटणसुद्धा दाबलं. सर आल्या आल्या उघडतील आणि दुकानावर जातील, हे डोक्यातच आलं नाही."

"मग सांगायचं ना."

"सांगायला तोंड उघडलं, तर काय झालं ते तुम्ही बघितलंत."

ताईला दुपार आठवली. तेच शब्द तिनेही उच्चारले होते. काकूंनी लॅपटॉप चालू झालेला पाहिला होता, स्वच्छ डोळ्यांनी, आणि या बाईचं म्हणणं कोणी जमेस धरलं असतं तर खण उघडायची वेळच आली नसती.

"डिस्क माझ्याकडे द्या," ती म्हणाली. "मी काहीतरी सांगते बाहेर. तुमचं नाव येणार नाही."

काकूंनी कपाटातून बटणांचा डबा काढला. बटणांच्या थराखाली चमकती पिशवी होती आणि पिशवीत डिस्क, कडांना धरून अलगद ठेवलेली. त्यांनी ती ताईला दिली नाही.

"नको," त्या म्हणाल्या. "काहीतरी सांगितलंत तर तुमच्या भावावरचा डाग अर्धाच पुसेल. आळ माझ्यामुळे आला, मीच उतरवते."

६

बाहेर जाऊन काकूंनी पिशवी टेबलावर ठेवली आणि तीन वाक्यांत सगळं सांगितलं. रडल्या नाहीत. जावयांचे कान लाल झाले. "मी काय शत्रू होतो का?" ते म्हणाले.

"शत्रू नाही हो, बापू. तुमची माया फार. पण मायेने पुसलं तरी पुसलं ते पुसलंच."

लेक आधी फसकन हसली, मग आईजवळ जाऊन उभी राहिली. जावई बशीतले स्क्रू बोटाने चाळत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "यातले आखूड कुठले?" काकूंनी दाखवले.

सर मात्र पिशवीकडेच बघत होते. "काखेत कळसा," एवढंच पुटपुटले. मग बायकोकडे वळून म्हणाले, "तू काढलीस? एकटीने?"

"आधी बॅटरी, मग बटण, मग हात."

"मला हे येत नाही," सर म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलंत?"

सरांनी मान हलवली. मग ते ताईसमोर उभे राहिले. "तुमच्या भावाबद्दल मी नको ते बोललो. उद्या दुकानात येतो, त्याच्यासमोर सांगतो."

डिस्क काकूंनीच बसवली. ताई शेजारी हात मागे बांधून उभी होती आणि तिला एकदाही टोकावं लागलं नाही. पडदा उजळला, सरांचं नाव आलं. काकूंनी ते मोठ्याने वाचलं. त्यानंतर ताईने दोन प्रती काढून दिल्या आणि त्यातली एक मुद्दाम काकूंच्या बटणांच्या डब्यात ठेवली.

ती दुकानात परतली तेव्हा धाकटा टेबल पुसत होता. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. चौकोनी बाहीला तो खळखळून हसला. मग पुन्हा टेबल पुसायला लागला.

"मी तुझा खण उघडला होता," ताई म्हणाली. तिला हे न सांगताही निभावलं असतं.

"माहितीय," तो म्हणाला. "मी तो कधीच पूर्ण लावत नाही. आतल्या बिजागऱ्या अडकतात. आल्यावर बघितलं तर छान लावलेला होता."

"काही बोलला नाहीस."

"काय बोलणार? माझं मीच कमावलेलं आहे ते."

 तिने कंबरेची किल्ली काढली, आपला खण उघडला आणि निळ्या नेलपॉलिशची बाटली त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली. किल्ली तिने बाटलीशेजारीच ठेवून दिली.

धाकट्याने दोन्हींकडे पाहिलं. मग दुपारपासून तसाच पडलेला लॅपटॉप ओढला, नळाला तळवा लावला आणि शेवटचा स्क्रू बसवला. बाटली उघडून ठिपका द्यायला गेला, तर तो जरा वाकडा पडला.

"पुसून नीट लावू?" त्याने विचारलं.

"राहू दे," ताई म्हणाली. "चालेल."